डोंगरीचे कापड, ठाण्याची सुई

दिवाळी आली की घरोघरी नव्या कपड्यांच्या गोष्टी निघतात. मुलाला झब्बा, लेकीला परकर-पोलके, सुनेला पैठणी, जावईबापूंना शर्टाचे कापड! एरवी पैशापैशाचा हिशेब ठेवणारा मराठी माणूस ह्या चार दिवसांत हात जरा सैल सोडतो, आणि सोडावाही. पण वाचकहो, ह्या साऱ्या गडबडीत एका कपड्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. घरातला कर्ता पुरुष, आणि आताशा कर्ती बाईही, वर्षाचे तीनशे दिवस हाच कपडा अंगावर चढवून घराबाहेर पडते. त्याला कपाटात जागा नसते. तो दाराआडच्या खुंटीवर लोंबतो. अत्तराशी त्याचा कधी संबंध येत नाही. येतो तो ग्रीसशी, घामाशी आणि लोखंडाच्या किसाशी. तो म्हणजे कामाचा कपडा.

पैठणी किती वर्षे टिकली ह्यावाचून संसाराचे काही अडत नाही. कामाचा कपडा मात्र महिन्याभरात काखेत उसवला, तर माणूस दिवसभर हात आखडून काम करतो. आणि त्याची ढगळ बाही फिरत्या यंत्रात सापडली, तर बाहीबरोबर हातही जातो. इतक्या मोलाचा हा कपडा शिवतो कोण? कुठे शिवतो? आणि जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातला माल घरबसल्या मागवता येण्याच्या ह्या काळात तो ठाण्याच्या वागळे इस्टेटीत शिवणे परवडते का? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधायची, तर आधी थोडे मागे, मुंबईच्या जुन्या बंदरापर्यंत जायला हवे.

शब्द आपला, पाटलोण जगाची

इंग्रजी बोलणाऱ्या मुलखात कामकऱ्याच्या जाड पाटलोणीला ‘डंगरीज’ असे म्हणतात. हा शब्द तिकडे गेला कुठून? थेट आपल्या मुंबईच्या डोंगरीहून! सतराव्या शतकात डोंगरीच्या आसपास विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड त्या वस्तीच्या नावानेच ओळखले जाई. परदेशी व्यापारी ते खरेदी करून नेत. शिडांना आणि तंबूंना ते लागे, आणि पुढे खलाशांच्या पाटलोणीही त्याच्याच होऊ लागल्या. आज आमच्याकडचा एखादा फिटर अंगातल्या बॉयलर सूटला ‘डांगरी’ म्हणतो, तेव्हा सातासमुद्रांपलीकडे जाऊन परत आलेला आपलाच शब्द तो उच्चारत असतो; त्याला त्याचा पत्ता नसतो एवढेच.

‘खाकी’ची गोष्टही अशीच आहे. खाक म्हणजे धूळ. पेशावरकडे १८४६ साली हॅरी लम्सडेन ह्या अधिकाऱ्याने ‘गाइड्स’ नावाची पलटण उभी केली आणि तिच्या शिपायांना मातीत मिसळून जाणाऱ्या रंगाचे कपडे दिले. तो मातकट रंग पुढे साऱ्या जगाच्या फौजांनी उचलला, आणि फौजेकडून तो पोलीस, पोस्टमन, ड्रायव्हर आणि कारखान्याचा रखवालदार ह्यांच्या अंगावर आला.

आता पश्चिमेकडे पाहा. अमेरिकेत रीनो नावाच्या गावी जेकब डेव्हिस नावाचा एक शिंपी होता. मजुरांच्या पाटलोणींचे खिसे वारंवार उसवतात ही त्यांची तक्रार तो ऐकत असे. त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले, आणि सॅन फ्रान्सिस्कोचा कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉस ह्याला सोबत घेऊन १८७३ च्या मे महिन्यात त्या युक्तीचे पेटंट मिळवले. जगभर मिरवणारी ‘जीन्स’ ती हीच! १८८९ साली डेट्रॉइट शहरात हॅमिल्टन कारहार्टने रेल्वेच्या कामगारांसाठी ओव्हरऑल शिवायला घेतले. ह्या साऱ्यांच्या यशाचे मर्म एकच होते. कपडा घालणारा माणूस स्वतः दुकानात येई, स्वतःचे पैसे मोजी, आणि कपडा फाटला तर शिव्याही स्वतःच देई. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्याच अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांनी काय घडले? लेव्ही स्ट्रॉस कंपनीने आपले तिथले उरलेसुरले कारखाने २००३-०४ च्या सुमारास बंद केले. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावची ‘व्हाइट ओक’ ही १९०५ पासून चालत आलेली डेनिमची गिरणी २०१७ च्या अखेरीस थांबली. कापड आणि शिलाई दोन्ही स्वस्त मजुरीच्या देशांत गेली. टिकली ती मुख्यतः सैनिकांच्या गणवेशाची शिलाई. कारण फौजेचा कपडा देशातच तयार झाला पाहिजे असा दंडक तिथे १९४१ पासून आहे.

बासष्ट सालचे ठाणे

ही कहाणी ठाणेकरांना परकी वाटायची नाही. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि वागळे इस्टेट ही त्या महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. नंबर दिलेले रस्ते, आखलेले भूखंड, पाण्याची आणि विजेची सोय. कारखानदाराने यावे आणि यंत्र उभे करावे! मुलाने इथल्याच आयटीआयमध्ये शिकावे, इथल्याच कारखान्यात लेथवर उभे राहावे, किसननगर-श्रीनगरकडे बिऱ्हाड थाटावे, आणि हाताला इजा झाली तर इथल्याच कामगार इस्पितळात जावे. एका माणसाचे सारे आयुष्य मावेल अशी ही वसाहत होती. सकाळच्या पाळीला रस्त्यावर निळ्या आणि खाकी रंगांचा नुसता पूर लोटत असे.

कापडाचे नाते ठाण्याला त्याच्याही आधीपासूनचे. विसाव्या शतकाच्या आरंभी खाडीकाठी लोकरीची एक गिरणी निघाली. ती १९२५ साली ‘रेमंड’ झाली आणि १९४४ साली सिंघानियांकडे आली. पुढे उंची सुटांसाठी नावाजलेली ही गिरणी प्रारंभी जाडीभरडी कांबळी विणत होती, हे आज सांगून खरे वाटणार नाही. २००९ अखेर तिचे ठाण्यातले उत्पादन थांबले. त्या जमिनीवर आता उंच इमारती उभ्या आहेत.

मुंबईच्या गिरण्यांचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीचे राहिले नाही. विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथल्या यंत्रमागांकडे सरकले. शिलाई गेली लहान लहान गाळ्यांत. ह्यालाही एक कारण होते. तयार कपड्यांचा धंदा सरकारने लघुउद्योगांसाठी राखून ठेवला होता. ते राखण २००० सालच्या वस्त्रोद्योग धोरणापर्यंत चालले. हेतू चांगला होता. पण त्यामुळे पन्नास यंत्रांच्या कारखान्याला पाचशे यंत्रांचा होण्याची वाटच राहिली नाही. शेजारची राष्ट्रे तेव्हा हजार-हजार यंत्रांचे कारखाने उभारत होती.

ह्याच जिल्ह्यातले उल्हासनगर पाहा. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी बांधवांनी लष्करी छावणीच्या बराकींतून उद्योगांचे शहर उठवले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद कल्याण लोकलमध्ये किती पिढ्या चालला! जीन्स तिथे हजारांनी शिवल्या गेल्या. मात्र त्या धुतल्यावर निघणारे निळे पाणी वालधुनी नदीत जाऊ लागले, आणि गेल्या दशकात जीन्स धुणाऱ्या कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली. कपडा स्वस्त पडतो, तेव्हा त्याची उरलेली किंमत कोणीतरी दुसरा मोजत असतो. इथे ती नदीने मोजली.

फाटतो कुठे, ते पाहा

आता प्रत्यक्ष कपड्याकडे वळू. तुम्ही म्हणाल, पाटलोणीत शिकण्यासारखे ते काय? दोन पाय आणि एक कंबर! पण कटिंग मास्तरपाशी अर्धा तास बसले, तर हा समज टिकत नाही.

पहिली गोष्ट कापडाची. शर्टाचे साधे कापड दर चौरस मीटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम भरते. कामाच्या ड्रिलचे वजन दोनशे ते तीनशे ग्रॅम असते. ड्रिलची वीण तिरपी. उभा धागा आडव्या धाग्यांवरून एक सोडून एक न जाता दोन-तीन धाग्यांवरून उडी घेत जातो. त्यामुळे धागे दाट बसतात आणि कापड घासाला दाद देत नाही. सूत दुपदरी असेल तर आणखी बळकट. पण नुसते जाड कापड म्हणजे चांगले कापड, हा हिशेब आमच्या हवेला लागू पडत नाही. डेट्रॉइटच्या हिमवाऱ्यात उबदार वाटणारे ताडपत्रीसारखे कापड ठाण्याच्या मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, माणसाला उकडून काढील. इथे हवे ते झिजेला पुरे पडणारे आणि तरीही घाम शोषून वाऱ्याला वाट देणारे कापड. हा प्रश्न कोकणच्या हवेचा आहे. त्याचे उत्तर शोधण्याची गरज परदेशातल्या कारखानदाराला कशी वाटावी?

दुसरी गोष्ट शिवणीची. कपडा आधी फाटतो तो काखेत, दोन मांड्यांच्या सांध्यात, गुडघ्यावर आणि खिशाच्या तोंडाशी. जुन्या शिंप्यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून ते लेंग्याला कळी लावत आणि अंगरख्याच्या काखेत चौबगला घालत; हात वर केला तरी ताण कापडावर पसरतो, एका टाक्यावर येत नाही. आजच्या कामाच्या कपड्यात शिवणीच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून त्यावर दोन किंवा तीन टिपा मारतात. हे काम साध्या मशीनवर होत नाही. पाटलोणीचा पाय जिच्या नळीसारख्या हातावरून पुढे सरकतो अशी खास मशीन त्याला लागते. खिशाच्या टोकाला दाट टाक्यांचा छोटा बंध घालतात. डेव्हिसच्या तांब्याच्या रिव्हेटचाच तो धाकटा भाऊ.

तिसरी गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. दोरा कापडाहून फार बळकट असू नये! ताण पडला तर शिवण उसवावी, कापड फाटू नये. उसवलेली शिवण घरच्या मशीनवर पाच मिनिटांत पुन्हा मारता येते. फाटलेले कापड मात्र ठिगळ लावल्याशिवाय सावरत नाही.

आणि चौथी गोष्ट आटण्याची. विणलेले कापड तसेच शिवले, तर पहिल्या दोन धुण्यांतच बाही मनगटावरून वर चढते. सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने कापड आधीच यंत्रात आटवून घेण्याची रीत काढली. ‘सॅन्फोराइज्ड’ हा शिक्का आमच्या आजोबांच्या पिढीने कापडाच्या काठावर पाहिलेला आहे. ती पायरी गाळली की मीटरमागे चार पैसे वाचतात, आणि कपडा एका पावसाळ्यात निकामी होतो.

देशी म्हणजे किती देशी?

‘आपल्या देशात बनवलेले’ असे म्हणताना आपण काय म्हणतो, तेही तपासले पाहिजे. ठाण्यात शिवलेल्या एका बॉयलर सूटची कुळकथा अशी असू शकते: कापूस विदर्भातला, कापड अहमदाबादचे वा भिवंडीचे, चेन जपानी नावाची, सुई जर्मन नावाची, मशीन जपानी नाहीतर चिनी, आणि मशीनवरचा कारागीर उत्तर प्रदेशातला किंवा बिहारमधला. मग त्यात ठाण्याचे काय?

ठाण्याचा आहे तो मास्तरचा अंदाज. कापडाचे थर एकावर एक रचून, आखणीत बोटभर कापड वाया जाऊ न देता तुकडे कसे बसवायचे. वेल्डरला कॉलर कितपत बंद हवी. फिटरचा पाना कोणत्या खिशात राहतो आणि वाकल्यावर कोणत्या खिशातून पडतो, ही जाण गिऱ्हाइकाच्या सहवासाने येते. मशीन आठवड्यात विकत मिळते, ही जाण मिळायला वर्षे लागतात. शिवणारा आणि वापरणारा एकाच वसाहतीत असले, की तक्रार संध्याकाळी येते आणि पुढच्या खेपेस खिसा बोटभर वर सरकतो. शेकडो मैलांवरून कंटेनरने येणाऱ्या मालाला ही सोय नाही. तिथे हजारो नगांची ऑर्डर द्यावी लागते आणि मापे आली तशी गोड मानून घ्यावी लागतात. चाळीस कामगारांच्या कारखान्याने, त्यातही पाच जणांची पोटे मोठी आणि दोघांचे हात लांब, कोणाकडे जावे? त्याला शेजारचा गाळाच हवा.

मापांचे तरी काय सांगावे! कित्येक वर्षे आमचे तयार कपडे परक्या देशांच्या मापांवर बेतले गेले. भारतीय माणसाच्या अंगाची मापे शास्त्रशुद्ध रीतीने घेण्यासाठी ‘निफ्ट’ ह्या संस्थेने सहा शहरांतल्या २५,००० स्त्री-पुरुषांना मोजण्याची योजना हाती घेतली, तीही एकविसाव्या शतकात.

जगाच्या बाजारात

आता बाजाराचा मामला. १९७४ पासून २००४ पर्यंत श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीला कोटे लावले होते. कोणत्या देशाकडून किती शर्ट घ्यायचे ते ठरलेले असे. १ जानेवारी २००५ पासून ते कोटे संपले आणि सारे मैदान खुले झाले. ज्यांची तयारी होती त्यांनी बाजी मारली. बांगलादेशाची तयारी १९७८ पासूनची. ‘देश गारमेंट्स’ ह्या तिथल्या कंपनीने कोरियाच्या ‘देवू’शी करार केला आणि १३० माणसे शिलाई शिकायला कोरियात धाडली. त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले.

भारताने २०११ साली बांगलादेशी कपड्यांना जवळजवळ संपूर्ण जकातमाफी दिली; २०२५ च्या मे महिन्यात तो माल खुष्कीच्या मार्गाने आणण्यास मनाई करून फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता ही बंदरे त्याला मोकळी ठेवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात बसवली. म्हणजे वागळे इस्टेटीतल्या गाळ्यात सुई वरखाली होत असते, आणि तिचा दोरा ढाका, दिल्ली आणि वॉशिंग्टन अशा तिन्ही ठिकाणांहून ओढला जातो!

बाहेरच्या स्वस्ताईची किंमतही आपण पाहिली आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची ‘राणा प्लाझा’ ही इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक माणसे दगावली. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते. तरी कामगारांना मशीनवर बसवले गेले. त्या इमारतीत शिवले जाणारे कपडे युरोप-अमेरिकेच्या दुकानांत जात होते.

उलट, आपल्याही मालाला दारे उघडली आहेत. १ मे २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातींशी झालेला करार अमलात आला आणि आपल्या कपड्यांवरची तिथली पाच टक्के जकात गेली. रत्नागिरी-रायगडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आखाताकडे जात आली. वागळे इस्टेटीतच पासपोर्ट केंद्र निघाल्यापासून ह्या भागातली कितीतरी मुले त्याच रस्त्यांवरून गेली. तिकडच्या बांधकामांवर आणि तेलाच्या ठाण्यांवर माणसे दिवसभर बॉयलर सूटमध्ये वावरतात. तो बॉयलर सूट ठाण्याचा किंवा सोलापूरचा का असू नये? सोलापूरने तर गिरण्या बंद पडल्यावर गणवेश शिवण्यात नवे नाव कमावले, आणि २०१७ पासून तिथल्या उत्पादकांनी गणवेशांची प्रदर्शने भरवून देशोदेशीचे व्यापारी बोलावले.

घेणारा एक, घालणारा दुसरा

पण परदेशी मालाहून मोठा वैरी घरातच बसला आहे, आणि तो कोणाच्या ध्यानी येत नाही. मघाशी आठवण ठेवायला सांगितली होती ती गोष्ट आता घ्या. जेकब डेव्हिसचे गिऱ्हाईक स्वतःची पाटलोण स्वतः विकत घेत होते. आमच्या कारखान्यात, महापालिकेत, महामंडळात कपडा विकत घेतो खरेदी खात्याचा साहेब, आणि घालतो कामगार. साहेब वातानुकूलित खोलीत दरपत्रके उघडतो. सर्वांत कमी दराला ‘एल-वन’ म्हणतात, काम त्याचे! उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी ही खरेदी चालते.

हिशेब करून पाहू. आकडे केवळ उदाहरणापुरते. समजा, एक जोड ६०० रुपयांना पडतो आणि सहा महिने टिकतो. दुसरा ९०० रुपयांना पडतो आणि वर्षभर टिकतो. दरपत्रकात पहिला जिंकतो. पण २०० कामगारांना एका वेळी दोन-दोन जोड द्यायचे, तर पहिल्याचे वर्षाकाठी ४,८०,००० रुपये होतात आणि दुसऱ्याचे ३,६०,०००. स्वस्तातल्या मालाने मालकाला १,२०,००० रुपयांनी बुडवले! आणि सहा महिन्यांनी नवा जोड आलाच नाही, तर तो खड्डा कामगार भरतो. स्वतःच्या पदराने, फाटक्या कपड्यानिशी.

पैशांपुरतेच हे असते तर एक वेळ चालले असते. स्वस्त गणवेशात पॉलिएस्टरचे प्रमाण जास्त असते. ते चुरगळत नाही, लवकर वाळते, रंगही टिकतो; साहेबाच्या टेबलावर नमुना झकास दिसतो. पण वेल्डिंगची ठिणगी सुती कापडावर पडली तर करपल्याचा डाग उठतो किंवा भोक पडते. पॉलिएस्टरवर पडली तर ते वितळते, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण इथे शब्दशः खरी होते.

बायकांची तर आणखी निराळी कथा. कारखान्यांत बाई आली, पण तिचा कामाचा कपडा आला नाही. साडीवर किंवा सलवार-कुडत्यावर एक ॲप्रन चढवला की गणवेश झाला, अशी समजूत. ओढणीचे टोक आणि साडीचा पदर फिरत्या पट्ट्यापाशी काय करू शकतो, हे सांगायला हवे काय? तिच्या अंगाला नीट बसेल, वाकता-उठता संकोच वाटणार नाही आणि काही यंत्रात अडकणार नाही असा पोशाख बेतणे हे शिवणकलेचे खरे आव्हान आहे. ते परदेशातून तयार होऊन येणार नाही, कारण साडीतून कामाच्या पोशाखात येणाऱ्या बाईची अडचण परदेशातल्या कारागिराच्या समोर नाही.

आणि कायदा? १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाच्या बाविसाव्या कलमात लिहून ठेवले होते की चालत्या यंत्राला तेल घालणाऱ्या, तपासणाऱ्या माणसाने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, आणि ते कारखानदाराने पुरवावेत. कायदा करणाऱ्यांना कळले होते की कामाचा कपडा हेही एक अवजारच आहे. पान्याला तडा गेला तर आपण तो फेकतो. मग उसवलेली बाही घालून माणसाला यंत्रापाशी का धाडतो?

जमते हे सिद्ध झाले आहे

आमचे कारागीर कसाला उतरतात की नाही, ही शंका २०२० सालाने फेडली. त्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा डॉक्टर-परिचारिकांचे अंगभर संरक्षक पोशाख देशात जवळजवळ बनतच नव्हते. मे महिन्याच्या मध्यापर्यंत रोज चार लाखांहून अधिक पोशाख तयार होऊ लागले! ह्यात चमत्कार नव्हता. यंत्रे होती, हात होते; नवी होती ती एकच गोष्ट. कापड आणि शिवण कोइमतूरच्या ‘सिट्रा’सारख्या प्रयोगशाळेत जाई, कृत्रिम रक्त त्यातून झिरपते का ते पाहिले जाई, आणि झिरपले तर माल नापास होई. कपडा घालणाऱ्याचा जीव तेव्हा साऱ्या देशाला मोलाचा वाटला, म्हणून कस लावला गेला, आणि कस लावला म्हणून माल उतरला. वेल्डरच्या कपड्यालाही असाच कस लावायला कोणाची हरकत असावी?

घाई करायला हवी, ही गोष्ट मात्र खरी. वागळे इस्टेटीत जागोजाग काचेच्या इमारती उठल्या आहेत. गाळेवाल्याला वीस मशीन चालवून, कारागीर सांभाळून, उधारीच्या मागे धावून जे सुटते, त्याहून अधिक भाडे तोच गाळा कचेरीला दिल्याने मिळत असेल, तर त्याला दोष कोणी द्यावा? वाडवडिलांची सुई जपा असा उपदेश रिकाम्या पोटी पचत नाही. त्याला हवे आहे चोख माल घेणारे गिऱ्हाईक. सरकारने २०१२ पासून आपल्या खरेदीतला काही हिस्सा लहान उद्योगांसाठी ठेवला, २०१७ पासून देशी मालाला प्राधान्यही दिले; पण देशी मालातही सर्वांत स्वस्त तेवढेच उचलायचे ठरवले, तर चांगले शिवणारा आधी मरेल आणि वाईट शिवणारा त्याच्यामागून.

उपाय फार अवघड नाहीत. दरपत्रकात नगाच्या किमतीशेजारी आणखी एक रकाना असावा: कपडा किती महिने टिकेल ह्याची हमी. नमुना टेबलावर पाहण्याऐवजी दहा कामगारांना दोन महिने घालायला द्यावा आणि पन्नास वेळा धुवून मोजावा. वेल्डर, रंगारी, बायका, रखवालदार ह्यांना एकच कापड न देता कामाप्रमाणे द्यावे. आणि दर जोडामागे हातभर जादा कापड कामगाराला दुरुस्तीसाठी मिळावे. त्याची घरची माणसे तेवढी टीप मारायला समर्थ आहेत.

हे वाचणाऱ्यांत खरेदी खात्यातले कोणी असतील, कारखान्याचे मालक असतील, युनियनचे पुढारीही असतील. त्यांना आमची एक विनंती आहे. पुढच्या गणवेशाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एकदा खाली यंत्रांपाशी जावे आणि तिथल्या पहिल्याच माणसाला विचारावे, “मामा, मागचा कपडा कुठे फाटला?” तो हात वर करून काख दाखवील, किंवा पाय पुढे करून गुडघा. ते बोट जिथे पडेल तिथे कापड दुप्पट करून शिवणारा मास्तर अजून ह्या इस्टेटीत मिळतो.